रकान्यातली द्वारका

येरवडा, पुणे
१० जानेवारी २००५

प्रिय अकबर,

जय हिंद. फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी मी फोनवर इंदूच्या आजारपणाचं सांगत होतो आणि तू पलीकडून 'वा वा, पेढे पाठव' म्हणत होतास. तोफखान्याशेजारी वर्षं काढलेल्या तुझ्या कानांना दोष देत नाही. डोळे शाबूत आहेत असं समजून लिहितोय.

इंदूच्या हृदयाची एक झडप आकसली आहे. वर्षभर धाप लागत होती, पण बाईसाहेब 'वय झालं' म्हणून रेटत राहिल्या. दिवाळीत चकल्या तळताना खाली बसली ती उठेचना. लष्करी रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी औषधं देऊन बघितली आणि गेल्या आठवड्यात सगळं तपासून सांगितलं की झडप बदलावी लागेल आणि ती आठ आठवड्यांच्या आत. त्यांच्याकडे आधीच मोठी यादी आहे, म्हणून बाहेरच्या हॉस्पिटलात हृदयाच्या तज्ज्ञाकडे पाठवा, असं त्यांनीच लिहून दिलं. आपल्या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत ते बसतं. फक्त योजनेच्या दवाखान्यातून मंजुरीचा कागद लागतो. म्हटलं, अठ्ठावीस वर्षं बर्फात पाय गारठवले, एक कागद मिळेलच की.

नाही मिळाला. तिथे खिडकीवर श्याम नावाचा कारकून बसतो, आपल्यासारखाच निवृत्त. त्याने माझं सेवापुस्तक उघडलं. आईचं नाव द्वारकाबाई, ते बरोबर. पत्नीचं नाव द्वारका! आणि योजनेच्या कार्डावर इंदुबाई, कारण कार्डाचा फॉर्म आमच्या आनंदने रेशनकार्ड बघून भरला होता. श्यामने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "सुभेदारसाहेब, या दुसऱ्या का?"

अरे, पहिलीलाच मी पुरा पडलो नाही, दुसरी कुठून आणू? एकोणचाळीस वर्षं संसार झाला आणि सरकारला आत्ता शंका आली.

तुला म्हणून सांगतो. इंदूचं माहेरचं नाव खरंच द्वारका. लोणी काळभोरची द्वारका काळभोर. पण माझी आईही द्वारका. एका घरात सासू आणि सून एकाच नावाच्या कशा चालतील? लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं, इंदू. तेव्हापासून ती इंदूच. पलटणीत तिचं माहेरचं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही. मग १९६७ च्या कुटुंबनोंदीच्या फॉर्मवर ते आलं कुठून? फॉर्मची प्रत मी बघितली. अक्षर तुझं आहे. खाली सहीच्या जागी माझा डावा अंगठा आहे, आणि श्यामला त्याचंही नवल वाटलं, कारण बाकी सगळीकडे माझी ऐटबाज सही आहे.

मला वाटतं, तू घाईत आईचं नाव बायकोच्या रकान्यातही टाकलंस. आठवून कळव. आठ आठवड्यांतला एक गेलासुद्धा.

तुझा
महिपती खुटवड


मिरज
१५ जानेवारी २००५

प्रिय महिपती,

सलाम. पत्र मिळालं. वहिनींचं वाचून जिवाला घोर लागला. नमाजानंतर रोज त्यांच्यासाठी दुआ मागतो आहे. आता मुद्द्यांवर येतो.

एक. माझ्या हातून आईचं नाव बायकोच्या रकान्यात जाणं शक्य नाही. तीस वर्षं पलटणीची कागदपत्रं केली, एक लाल शेरा नाही. कंपनी कमांडर म्हणायचे, मुलाणीने लिहिलेलं पुन्हा तपासू नका. तूच तोंडाने द्वारका सांगितलं असशील आणि विसरला असशील.

दोन. शिवाजीनगरला कोर्टाबाहेर नोटरी बसतात. 'इंदुबाई आणि द्वारका ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र कर. वहिनींच्या शाळेचा दाखला लोणी काळभोरहून आणव.

तीन. पेन्शनच्या कागदावर तुमच्या जोडीचा फोटो असतो. तो दाखव. फोटोतला चेहरा बघितल्यावर श्यामची शंका फिटेल.

चार. तोपर्यंत वहिनींना जिना चढू देऊ नकोस.

मिसबा, म्हणजे माझी नात, म्हणते, कॉलेजातल्या कॉम्प्युटरवरून ईमेल पाठवते, दोन मिनिटांत जाईल. मी म्हटलं, पुण्याच्या सुभेदाराला दोन मिनिटांत उत्तर मिळालं तर त्याचा आपल्यावर विश्वास बसणार नाही.

तुझा
अकबर मुलाणी


येरवडा, पुणे
२२ जानेवारी २००५

अकबर,

तुझे चार मुद्दे मिळाले. शाबास. आता माझे ऐक.

प्रतिज्ञापत्र केलं. शाळेचा दाखला इंदूच्या भाच्याने, संतोषने, आणून दिला. त्यावर द्वारका आहे. श्याम म्हणतो, "साहेब, द्वारका नावाची मुलगी लोणीच्या शाळेत होती हे मी मान्य करतो. तीच या बाई, हे कशावरून?" प्रतिज्ञापत्र माझंच आणि फायदाही माझाच, म्हणून तेवढ्याने भागत नाही. त्या वेळचा कुणीतरी माणूस किंवा त्या वेळचा कागद हवा. त्याचंही चूक नाही रे. कालच एक गृहस्थ शेजाऱ्याची आई स्वतःची म्हणून घेऊन आले होते म्हणे.

आणि जोडीचा फोटो! १९९२ साली फोटो काढताना इंदूने पदर एवढा पुढे ओढलाय की आत बाई आहे का गोणपाट तेही कळत नाही. मी त्या वेळी तिला म्हणालो होतो, जरा तोंड दाखव. तर म्हणाली, परक्या फोटोवाल्यासमोर? कागदावर तेव्हाही द्वारकाच लिहिलेलं असणार. इंग्रजी होतं, मी माझं नाव बघितलं आणि घडी घालून ठेवला.

आनंद म्हणतो, "बाबा, सोडा ना तो कागद, मी लोन काढतो." त्याच्या कंपनीचा विमा 'आधीपासूनचा आजार' म्हणत हात वर करून मोकळा झालाय. इंदूला लोनचं कळलं तेव्हा ती औषधाची गोळी हातात घेऊन बसली. "पोराने आत्ता खराडीत घर घेतलंय, सूनबाईला दिवस गेलेत. त्यांच्या डोक्यावर कर्ज चढवून मला श्वास नकोय," म्हणाली. गोळी गिळायलाच तयार नाही. सृष्टीने, म्हणजे सूनबाईने, रडून समजूत घातली तेव्हा गिळली.

परवा ती देवघरापर्यंत गेली आणि भिंतीला धरून उभी राहिली. दहा पावलं आहेत तिथपर्यंत. मी दारात उभा होतो. शत्रूला नाही घाबरलो एवढा त्या दहा पावलांना घाबरलो.

आणि तू मला सांगतोस, तूच तोंडाने सांगितलं असशील. मी नाही सांगितलं. घरात, दारात, पलटणीत, कुठेही तिला मी त्या नावाने हाक मारलेली नाही. मारणार कशी? 'द्वारका' म्हटलं की आई 'ओ' देणार! तुझ्या कारकुनीला डाग लागू नये म्हणून माझी बायको दाराशी ताटकळते आहे, एवढं लक्षात ठेव. रागाने लिहिलंय आणि तसंच पाठवतोय.

महिपती


येरवडा
२५ जानेवारी

अकबरभावजींना इंदुबाईचा नमस्कार.

माझं अक्षर म्हणजे मुंगळ्यांची रांग, चौथीच शिकलेय. सांभाळून वाचा. हे दवाखान्यात गेलेत तेवढ्यात लिहितेय. ह्यांना सांगू नका. म्हणजे नंतर सांगा, आत्ता नको.

ह्यांनी तुम्हाला वाकडं लिहिलंय ते मला माहीत आहे. पाकिटावर तिकीट उलटं चिकटवलं होतं. भावजी, मनावर घेऊ नका. हे घाबरले की भांडतात. शेजारच्या कांताबाईशी कचऱ्याच्या डब्यावरून भांडले, दूधवाल्याशी भांडले. माझ्याशी मात्र भांडत नाहीत, त्यावरून मी ओळखलं की दुखणं मोठं आहे.

आता खरी गोष्ट. हे म्हणतात, मी ते नाव कुठेच घेतलं नाही. घेतलंय. ह्यांच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं तेव्हा तीन पत्रं तुमच्या अक्षरात आली होती. आठवतं का? वरती पत्ता सौ. इंदुबाई महिपती खुटवड असा, आणि आत उघडलं की 'प्रिय द्वारका'. अक्षर तुमचं, पण बोलणं ह्यांचं. घरात माझ्याशिवाय कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून निर्धास्तपणे लिहीत असणार. सासूबाई विचारायच्या, "काय लिहितोय गं?" मी म्हणायचे, "खुशाल आहेत, तुमची चौकशी केलीय."

भावजी, लग्नानंतर सहा महिने मला स्वप्नातसुद्धा कुणी द्वारका म्हणालं नव्हतं. नव्या नावाने हाक मारली की मी मागे वळून बघायची, कुणाला बोलावतायत म्हणून. ओ द्यायला उशीर झाला की बोलणी खायची. अशात ते पत्र आलं. मी गोठ्यात जाऊन वाचलं आणि पोटभर रडले. बरं वाटलं म्हणून रडले.

ती तिन्ही पत्रं माझ्या ट्रंकेत लुगड्याखाली आहेत. ह्यांना वाटतं, घर बदलताना गेली. मी दाखवली नाहीत, कारण सुट्टीवर आल्यावर हे परत 'अगं ऐकलंस का' वर आले. मी पण लाजेने विचारलं नाही. सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली, तरी 'अगं ऐकलंस का'च. आता ही पत्रं दाखवायची तर ह्यांना वाटेल, बाई एवढी वर्षं हिशोब मांडून बसली होती.

त्यातलं एक सोबत पाठवतेय. वरती एक नाव, आत एक नाव, आणि लष्कराच्या टपालाचा शिक्का. ह्याचा काही उपयोग होत असेल तर तुम्हीच करा. आणि मला बरं व्हायचंय, भावजी. लोकांना सांगते, माझं काय, झालं माझं जगून. ते खोटं आहे. सृष्टीचं बाळ बघायचंय.

तुमची वहिनी
इंदुबाई


मिरज
१ फेब्रुवारी २००५

प्रिय महिपती,

आज मुद्दे नाहीत.

वहिनींचं एक पत्र आलं. त्यांनी तुला न सांगता लिहिलं, त्यांच्यावर चिडू नकोस. सोबत माझ्याच अक्षरातलं तुझं पत्र होतं, १९६७ सालचं. पाच-सहा वेळा वाचलं. 'इथे बर्फ फार आहे, तू गोधडीचं लिहिलंस ते बरं केलंस.' तू सांगत होतास आणि मी लिहीत होतो. मी विचारलं होतं, वर इंदू आणि आत द्वारका, ही काय भानगड? तू म्हणालास, लिही रे गपचूप.

मग सगळं आठवलं. खरं सांगतो, तुझं पहिलं पत्र वाचतानाच थोडं आठवलं होतं. पण मी दार लावून घेतलं. कुटुंबनोंदीचे फॉर्म त्या दिवशी जाणार होते. जीप उभी होती, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. तुझाच फॉर्म राहिला होता. तू वैद्यकीय तंबूत, इंजेक्शनच्या गुंगीत. बायकोचं नाव तुला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मनात म्हटलं, मला माहीत आहे की, आठवड्यापूर्वीच तर लिहिलंय. द्वारका लिहिलं, तुझा डावा अंगठा उचलून शाईत बुडवला आणि टेकवला. तुला जागही आली नाही.

तीस वर्षांत एक चूक नाही असं मी नातवंडांना सांगत आलो. चूक होती. फक्त ती सापडली नव्हती. मिसबाला आज हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग जा ना दादाजान, इथे काय करताय?" पोरीने दोन वाक्यांत निकाल लावला.

मिरजेच्या नोटरीकडे आज प्रतिज्ञापत्र केलं. त्यात सगळं लिहिलंय, गुंगी आणि अंगठ्यासकट. पेन्शनवर परिणाम होतो का असं वकिलाला विचारणार होतो, पण विचारलं नाही. गुरुवारी सकाळच्या गाडीने पुण्याला येतो. स्टेशनवर येऊ नकोस, वहिनींजवळ थांब. मी थेट दवाखान्यात जाऊन श्यामच्या खिडकीसमोर उभा राहतो. बाकीची दोन पत्रं काढून ठेवायला सांग.

मला माफ कर, हे समोर आल्यावर म्हणेन. ऐकू तुलाच जायला हवं, मला नाही आलं तरी चालेल.

अकबर


येरवडा, पुणे
१९ फेब्रुवारी २००५

प्रिय अकबर,

मंजुरी आली! काल दुपारी सव्वाबारा वाजता. सेवापुस्तकातली नोंद रीतसर दुरुस्त व्हायला वेळ लागेल, पण दवाखान्याच्या प्रमुखांनी रुग्णाची अवस्था बघून, कागदपत्रं जोडून, वरून परवानगी आणली. सोमवारी बाहेरच्या हॉस्पिटलात भरती आणि बुधवारी ऑपरेशन. कागद हातात घेतला तरी मी खिडकी सोडेना. श्यामने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. म्हणाला, "साहेब, बसा. आता मीच म्हणतो, पहिल्याच आहेत."

तू परत गेल्यावर त्याने मला त्या दिवशीचं सांगितलं. तू खिडकीशी उभा राहिलास आणि ऐकू येत नसल्यामुळे अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, "ही चूक मी केली आहे, हवालदार क्लार्क अकबर मुलाणी!" रांगेतली सगळी म्हातारी मंडळी उठून उभी राहिली म्हणे. मला बावळटाला हे तू सांगितलंही नाहीस. घरी येऊन नुसता चहा पीत बसलास. मी माफी मागतो म्हणून तोंड उघडलं, तर तू 'काय, काय' करत राहिलास. ते खरंच ऐकू आलं नाही का, ते मी विचारणार नाही.

मंजुरीवर काय लिहिलंय ठाऊक आहे? 'श्रीमती इंदुबाई ऊर्फ द्वारका महिपती खुटवड.' घरी आणून इंदूला वाचून दाखवलं. तिने कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि त्या एका ओळीवर बोट ठेवून बसली. मी म्हटलं, "ऑपरेशनची तारीख खाली आहे." तर म्हणाली, "तारीख बघते हो, जरा थांबा."

तिन्ही पत्रं मी वाचली, अकबर. सत्तावन्न वर्षांची बायको, कालपर्यंत मला वाटत होतं हिच्या ट्रंकेत फक्त लुगडी आहेत. काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून मी बाजारातून पपई घेऊन आलो. ती म्हणाली, "पपई कशाला?" मी म्हटलं, पिकलेली दिसली.

बुधवारी दुआ कर. मोठ्याने कर, तुला सवय आहे.

तुझा
महिपती


मिरज
२१ फेब्रुवारी २००५

महिपती,

फक्त कार्ड टाकतो. बुधवारी रोजा ठेवणार आहे. मिसबाला तुझ्या आनंदचा मोबाइल नंबर दिलाय, ऑपरेशन झालं की ती फोन करून विचारेल आणि पाटीवर लिहून मला दाखवेल. पपई चांगली, पचायला हलकी. पण अरे बाबा, सुचलं नाही तर नाव तरी घे.

अकबर


येरवडा
२७ मार्च २००५

अकबरभावजींना नमस्कार.

आता सावकाश बसून लिहितेय, लपून नाही. हे समोर खुर्चीवर पेपर वाचतायत. म्हणजे पेपर धरलाय.

नवी झडप टिकटिक करते. शांत बसलं की माझी मलाच ऐकू येते. सुरुवातीला भीती वाटली, आता सोबत वाटते. काल मी देवघरापर्यंत गेले, तिथून स्वयंपाकघरात आणि परत, भिंतीला हात न लावता. हे मागे मागे चालत होते, पडले तर झेलायला. मी म्हटलं, "परेड आहे का?" सृष्टीचे दिवस भरत आलेत, आणि मी बाळासाठी दुपटं शिवायला घेतलंय. लोन काढावं लागलं नाही, पोराच्या मानेवर काही चढलं नाही. भावजी, रात्री गाढ झोप लागते मला. तुमच्यामुळे.

तुम्हाला एक सांगायचंय. ऑपरेशननंतर मी लवकर शुद्धीवर येईना. नर्सने ह्यांना आत घेतलं आणि सांगितलं, "आजोबा, हाक मारा. नावाने मारा, म्हणजे उठतील." माझ्या मनगटावरच्या पट्टीवर दोन्ही नावं होती. नर्स नंतर मला सांगत होती, तुमचे मिस्टर आधी 'अगं ऐकलंस का' म्हणाले, दोनदा. मी ढिम्म. मग त्यांनी दाराकडे बघितलं, जणू कुणी ओरडेल. मग वाकून म्हणाले, "द्वारका. ए द्वारका, ऊठ."

मला वाटलं मी लोणीला आहे, आंब्याखाली झोपलेय आणि शाळेला उशीर झालाय. डोळे उघडले तर हे. डोळ्यांतून पाणी, आणि नाकावर हॉस्पिटलची ती कागदी टोपी खाली घसरलेली. मी 'ओ' दिली. तोंडात नळी होती, ह्यांना ऐकू गेली नसेल. पण दिली.

आता घरी आल्यापासून हाक मारायच्या आधी भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे बघतात, आणि मग मारतात. मी पण फोटोकडे बघून 'ओ' देते. त्या बिचाऱ्या काही बोलत नाहीत.

परवा श्याम स्वतः घरी आला होता. नाव दुरुस्तीचा फॉर्म घेऊन. म्हणाला, "बाई, सेवापुस्तकात आता कायमचं इंदुबाई करून टाकू, पुढे त्रास नको." आनंदने पेनसुद्धा काढलं. मी म्हटलं, "थांब रे. कार्डावरचं बदल. पुस्तकातलं राहू दे." ह्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे बघितलं आणि श्यामला म्हणाले, "तसंच करा. ती नोंद बरोबर आहे."

तेव्हा भावजी, तुमच्या तीस वर्षांत एक चूक नाही, असं मिसबाला आता खुशाल सांगा. बारशाला या. आणि कानात ते मशीन घालून या, माझी झडप ऐकवायचीय तुम्हाला.

तुमची वहिनी
द्वारका